अकरावीचे वर्ष हस्तलिखितात कसे बांधावे

गोव्यातली अकरावी जूनमध्ये, ऐन पावसात सुरू होते. वेगवेगळ्या शाळांतून आलेली मुले एकमेकांची नावे शिकतात न शिकतात तोच 18 जूनचा गोवा क्रांतिदिन येतो, आणि वर्गाच्या हस्तलिखितातली पहिली नोंद त्याच आठवड्यात झाली पाहिजे. फेब्रुवारीत आठवून लिहायला बसलात की सगळ्यांचे लेख सारखेच निघतात, कारण तोवर तपशील गेलेला असतो. दर महिन्याला दोघांवर नोंदीची जबाबदारी द्या. कार्यक्रम झाल्यापासून सात दिवसांत कच्चा मजकूर साध्या वहीत उतरवा. फोटोमागे तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे नावे पेन्सिलीने लिहा.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या सुट्टीत सगळे घरी असतात, तेव्हा प्रत्येकाला एकच काम द्या: घरच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) काय काय बांधले त्याची यादी. कांगलां, कवंडळां, घागऱ्यो, आंबाडे, सुपारीचे घोस हे कुठून आणले, कोणी बांधले, घरी त्याला काय म्हणतात हेही लिहायला सांगा. गोव्याच्या उत्तर टोकाच्या पेडण्याची आणि दक्षिण टोकाच्या काणकोणची यादी शेजारी ठेवली की वाचण्यासारखे पान तयार होते. कोणी कोंकणीत लिहिले तर तसेच ठेवा, मराठीत उतरवू नका.

एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) सात दिवसांच्या शिबिराला चार पाने राखा. श्रमदानात काय केले ते मोजून लिहा: बंधारा किती मीटरचा, रेतीच्या गोणी किती. ‘खूप मजा आली’ हे वाक्य संपादकांनी बिनदिक्कत खोडावे.

आता कागद. चाळीस मुले, प्रत्येकी दोन पाने (पान म्हणजे इथे कागदाची एक बाजू), म्हणजे 80. अनुक्रमणिका, शिबीर, फोटो धरून 96 पाने पुरतात. त्यासाठी ए-3 आकाराचे 24 जाड कार्ट्रिज (चित्रकलेचे) कागद घ्या, दोनचार जास्तच. चार कागद मधोमध, एकात एक दुमडले की 16 पानांची एक जुडी होते. अशा सहा जुड्या. दुमडण्याआधी कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, घडी त्याच बाजूने यावी. उलटी घडी घातली तर आपल्या दमट हवेत पाने शिवणीजवळ लाटेसारखी उठतात आणि पुस्तक नीट मिटत नाही.

सर्वाधिक घोटाळा इथे होतो: जुडी सुटी करून मुलांना वाटण्याआधी पानांवर क्रमांक घाला. बाहेरच्या कागदावर 1, 2, 15 आणि 16 ही पाने येतात, अगदी आतल्यावर 7 ते 10. क्रमांक नसेल तर मुले ओळीने लिहितात आणि लेखाचा उरलेला अर्धा भाग भलत्याच ठिकाणी जातो. एक पान बिघडले तर पूर्ण कागद फेकू नका, त्यावरची बाकीची तीन पानेही जातील. त्याच मापाचा नवा कागद वरून चिकटवा. घडीच्या बाजूला 3 सेंमी समास सोडा. जेल पेन पावसाळ्यात फिसकटते, म्हणून बॉलपेन किंवा पाण्याने न पुसणारी ड्रॉइंग पेन वापरा.

फोटोंना फेव्हिकॉल अगदी पातळ, फक्त कडांना. फोटोंमुळे पुस्तक तोंडाकडे, म्हणजे शिवणीच्या समोरच्या कडेला फुगते. ते टाळायला फोटोच्या पानाशेजारी घडीत 2 सेंमी रुंदीची कागदी पट्टी शिवा.

शिवण आणि पुठ्ठा कोरड्या दिवसांत, वार्षिक परीक्षेच्या महिनाभर आधी उरका. प्रत्येक घडीला दाभणाने पाच भोके पाडा, मेण लावलेल्या सुती दोऱ्याने सहाही जुड्या एकमेकींना शिवा. पुठ्ठ्याला बाहेरून कापड लावले की आतून कागदही लावाच, नाहीतर वाळताना तो वाकतो. वजनाखाली पूर्ण दिवस ठेवा.

पुस्तक ग्रंथालयात देताना सिमेंटच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका. पावसात त्या भिंतीतूनच ओल येते. पुढच्या जूनमध्ये नव्या अकरावीने ते काढून पाने उलटावीत, बुरशी दिसली तर मऊ कोरड्या ब्रशने झाडावी.