कवरत्तीला बदली झाली तर खानदेशी स्वयंपाकघर कसं लावायचं

कवरत्ती म्हणजे लक्षद्वीपची राजधानी. तिथल्या बदलीची ऑर्डर हातात पडली की सासरमाहेरचे एकच विचारतात, जायचं कसं? भुसावळला किंवा जळगावला मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस धरायची, एर्नाकुलमला उतरायचं आणि कोचीहून जहाज. बेटाप्रमाणे 14 ते 18 तास लागतात. विमान अगत्तीला उतरतं, पण संसार न्यायचा तर जहाजच बरं. सामान लहान बोचक्यांत बांधा. काही वेळा जहाजातून हलत्या होडीत उतरावं लागतं, तिथे जड पेटी झेलायला कुणी उभं नसतं.

माहेरचं कुणी भेटीला येणार असेल तर त्यांच्या प्रवेश परवान्याचं आधीपासून बघा.

आता बेगमी. नारळ आणि मासळी सोडली तर कांद्यापासून डाळीपर्यंत बहुतेक सगळं जहाजातून येतं, आणि पावसाळ्यात जहाजाचा भरवसा नसतो. मेच्या मध्यापर्यंत कोठी भरलेली हवी. हे आपल्या बायांना काय शिकवायचं, बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि कुरडया तेव्हाच तर होतात! फक्त रावेरचं ऊन विसरा. तिथल्या दमट खाऱ्या हवेत पत्र्याचे डबे गंजतात, म्हणून घट्ट झाकणाचे स्टीलचे न्या. बिबड्या सादळल्या तर तळण्याआधी कोमट तव्यावर ठेवा.

कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ भरमसाट दळून नेऊ नका. शिळ्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापतानाच चिरते. ज्वारी-उडीद अख्खे न्या, लागेल तसं मिक्सरला फिरवा, चाळा आणि गरम पाण्यात मळा. भरिताची वांगी मात्र जळगावलाच राहू द्या, कितीही जीव तुटला तरी.

पाण्याचं नीट समजून घ्या. बेट म्हणजे पोवळ्यांची वाळू. पावसाचं गोडं पाणी तिच्यात मुरतं आणि हलकं असल्यानं खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थर धरून राहतं. विहिरीवर मोटर लावून उपसा केला की खालचं खारं वर चढतं, शेजाऱ्याचीही विहीर बिघडते. आपल्याकडे बोअर आटली की अजून खोल जातो, ती खोड तिथे चालत नाही. कवरत्तीत 2005 पासून समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारा प्रकल्प आहे. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली उकळवतात आणि ती वाफ खोलातल्या गार पाण्यानं थंड करतात. ते पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी डाळीसाठी राखा. मचूळ पाण्यात तूर शिजता शिजत नाही.

मासळी खात असाल तर ‘मास’, म्हणजे तिथला सुकवलेला ट्युना, घरात ठेवाच. तिथले मच्छीमार जिवंत बारीक मासे पाण्यात टाकून ट्युना जवळ आणतात आणि गळानं एकेक उचलतात. तो उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवला की लाकडासारखा टणक होतो. त्याचे बारीक तुकडे करा, कांदा-खोबरं काळपट भाजा, लसूण आणि घरचा काळा मसाला घालून वाटा आणि रश्शात सोडा. मीठ शेवटी, चव बघून. खोबरं तिथलंच घ्या; जळगावहून खोबरं घेऊन जाणारी बाई बघून तिथल्या बाया हसतात.