ड्राइव्हवरची फाइल नेमकी कोणाकोणाला दिसते?

"मॅडम, तुमचं दरपत्रक मला दिसतंय. दाखवायचं होतं का?"

तीन वर्षांपूर्वी माझं एक भाषांतर ज्यांनी तपासलं, त्या मुद्रितशोधकांचा हा फोन. तेव्हा मी गूगल ड्राइव्हवरचा अख्खा फोल्डर त्यांच्याशी शेअर केला होता आणि पुढे आळसापोटी नव्या कामाच्या फाइलीही त्यातच टाकत गेले. फोल्डर शेअर केला की आतलं सगळं शेअर होतं, उद्या त्यात जे टाकाल तेही. हे मला ठाऊक होतं, पण तो फोल्डर कोणाकोणाकडे आहे हेच विसरले होते.

त्या दिवशी बसून सगळं आवरलं. तसंच सांगते.

फाइलवर राइट क्लिक करून 'शेअर' उघडा. वर माणसांची यादी दिसते, खाली 'जनरल ॲक्सेस'. आधी खालचं बघा. तिथे 'एनीवन विथ द लिंक' असेल तर वरच्या यादीला फारसा अर्थ उरत नाही. लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत येणार, आणि ती कोणी कुठल्या ग्रुपवर टाकली हे तुम्हाला कधी कळायचं नाही. 'रिस्ट्रिक्टेड' करा आणि माणसं ईमेल घालून एकेक जोडा. दोन मिनिटं जास्त जातात, जाऊ द्या.

यात एक मेख आहे. 'रिस्ट्रिक्टेड' केल्यावर लिंक बंद होते, पण बदलत नाही. सहा महिन्यांनी तीच फाइल पुन्हा लिंकवर खुली केलीत तर जुन्या मेसेजांत पडलेली ती लिंक पुन्हा चालू! नवी लिंक हवी तर फाइलची कॉपी करा. डॉक्समध्ये कॉपी करताना 'त्याच लोकांशी शेअर करा' अशा अर्थाची एक चौकट येते, तिथे टिक करू नका. कॉपीत जुना इतिहासही येत नाही, हा आणखी एक फायदा. एडिटरला, म्हणजे ज्याला फाइलमध्ये बदल करायची परवानगी दिलीय त्याला, 'व्हर्जन हिस्टरी' म्हणजे फाइलची आधीची रूपं दिसतात. म्हणजे शीटमधून खोडलेले आकडे तो मागे जाऊन आरामात वाचू शकतो. मी दर खोडून तीच शीट ग्राहकाला एडिटर म्हणून पाठवायची. किती जणांनी मागे जाऊन पाहिलं असेल, देव जाणे.

कोणाला काय द्यायचं, यात मी कंजूष आहे. वाचायचंच असेल तर व्ह्यूअर, शेरे मारायचे असतील तर कमेंटर. मुद्रितशोधकांना कमेंटरच पुरतं. एडिटर फक्त जो खरोखर मजकुरात हात घालणार त्याला. एडिटर स्वतःहून आणखी लोकांना जोडू शकतो, हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. शेअरच्या खिडकीत वर दातेरी चाकाचं चिन्ह असतं, तिथे ही मुभा काढून घेता येते. व्ह्यूअर आणि कमेंटरचं डाउनलोड, प्रिंट, कॉपीही तिथेच बंद होतं. अर्थात स्क्रीनचा फोटो काढणाऱ्याला कोण अडवणार?

मालकीचंही बघून ठेवा. तुमच्या फोल्डरमध्ये दुसऱ्याने फाइल बनवली तर तिचा मालक तो, तुम्ही नव्हे. काम संपताना अशा फाइलींची मालकी मागून घ्या. दोघांचीही खाती खासगी असतील तर त्याने विनंती पाठवायची आणि तुम्ही ती स्वीकारायची. ते जमत नसेल तर सरळ स्वतःची कॉपी करून ठेवा.

तर त्या मुद्रितशोधकांना मी फोल्डरमधून काढलं आणि कळवून टाकलं. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, "एक फाइल अजून दिसतेय." ती मी कधीतरी वेगळी शेअर केली होती. फोल्डरमधून नाव काढलं तरी असे सुटे शेअर तसेच राहतात. ते शोधायला सर्चच्या चौकटीतल्या रेघांच्या चिन्हावर क्लिक करा, 'शेअर्ड टू'मध्ये त्या माणसाचा ईमेल टाका. त्याच्याशी शेअर केलेल्या फाइली समोर येतात. मला वाटलं होतं, ती एकच असेल. निघाल्या अकरा.