‘इन्शुरन्स घेतो’ म्हणजे ‘नेटवर्कमध्ये आहे’ असं नाही

अमेरिकेत नवीन आलेले जवळजवळ सगळे डॉक्टरकडे फोन करून एकच विचारतात, “आमचा इन्शुरन्स घेता का?” पलीकडून “हो” आलं की निर्धास्त. मीही तसाच होतो. त्या “हो”चा अर्थ कित्येकदा एवढाच असतो की ते तुमच्या कंपनीकडे क्लेम पाठवतील. विचारायचं ते असं: “माझ्या या प्लॅनच्या नेटवर्कमध्ये हे डॉक्टर आहेत का?” नेटवर्क म्हणजे तुमच्या प्लॅनने दर ठरवून करार केलेले डॉक्टर आणि हॉस्पिटलं. कार्डावरचं प्लॅनचं नाव वाचून दाखवा आणि इन्शुरन्स कंपनीकडूनही खात्री करून घ्या.

नेटवर्कबाहेर गेलात तर एचएमओ आणि ईपीओ या प्रकारचे प्लॅन इमर्जन्सी सोडून सहसा काहीच देत नाहीत. पीपीओ प्रकारचा प्लॅन देतो, पण बिलावर नाही, स्वतः ठरवलेल्या ‘अलाउड अमाउंट’वर. समजा बिल १००० डॉलर, अलाउड ४००, प्लॅनचा वाटा ६० टक्के. कंपनी देणार २४०, उरलेले ७६० तुमच्या खिशातून. तेही नेटवर्कबाहेरचं डिडक्टिबल (कंपनी पैसे देऊ लागण्याआधी दरवर्षी आपण स्वतः भरायची रक्कम), जे बहुधा वेगळं असतं, भरून झालं असेल तर. कधी कधी कंपनी चेक तुमच्याच नावाने घरी पाठवते. मला आला तेव्हा रिफंड समजून मी तो खर्चून बसलो आणि महिन्याभराने डॉक्टरांचं बिल दारात. तो पैसा डॉक्टरांचा असतो, बाजूला ठेवा.

१ जानेवारी २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस अ‍ॅक्ट’ लागू आहे. इमर्जन्सीत, किंवा नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरने उपचार केले तर, तुमचा वाटा नेटवर्कच्याच दराने लागतो. बाकीचं डॉक्टर आणि कंपनी आपापसात मिटवतात. मात्र ऑपरेशन आधी ठरलेलं असेल तर हे संरक्षण सोडल्याचा फॉर्म पुढे येऊ शकतो. न वाचता सही करू नका. भूलतज्ज्ञ, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी यांना तर तशी सही मागायचीच मुभा नाही. बिल चुकीचं वाटलं तर ते भरण्याआधी ‘ईओबी’शी, म्हणजे कंपनीने किती दिलं आणि तुमचा वाटा किती हे सांगणाऱ्या तिच्या पत्रकाशी, ताडून पाहा आणि १-८००-९८५-३०५९ या सरकारी नंबरवर तक्रार करा.

हा कायदा रस्त्यावरच्या अ‍ॅम्ब्युलन्सला लागू नाही, फक्त हवाई अ‍ॅम्ब्युलन्सला आहे. आणि आई-बाबा भेटीला येतात तेव्हा आपण घेतो त्या व्हिजिटर इन्शुरन्सलाही नाही. त्यांचं विमान उतरण्याआधीच त्या पॉलिसीच्या नेटवर्कमधलं जवळचं अर्जंट केअर आणि हॉस्पिटल शोधा, आणि पत्ते कागदावर लिहून फ्रिजवर लावा. तुम्ही ऑफिसात असताना त्यांनाच ते लागतील.