‘ओपन द लाइट’ येतं कुठून? चिनी भाषकांना इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

चीनमधल्या सुझौ शहरात असताना मी संध्याकाळी तिथल्या नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवत असे. हिवाळ्यात पाचच्या सुमारास अंधारून यायचं आणि कुणीतरी हमखास विचारायचं, "टीचर, शॅल आय ओपन द लाइट?" मी फळ्यावर ‘टर्न ऑन’ लिहायचो, सगळे वहीत उतरवून घ्यायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच वाक्य यायचं. बऱ्याच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की माझी दुरुस्तीच अपुरी होती. मी वरचा शब्द बदलत होतो, तो जिथून उगवत होता तिथवर जातच नव्हतो.

तो उगवत होता ‘खाइ’ या चिनी क्रियापदातून. खाइ म्हणजे दार उघडणं. दिवा लावणं, गाडी चालवणं, बैठक घेणं, डॉक्टरांनी औषध लिहून देणं हेही खाइच. फूल उमललं, पाणी उकळलं, तरी खाइ. आपल्या ‘लागणे’सारखंच हे. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दिवा लागतो, वेळ लागतो. या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द शोधायला बसलो तर आपलीही तीच गत होईल. चिनी मुलाला शाळेत ‘ओपन म्हणजे खाइ’ असं पाठ करायला लावतात. मग त्याने खाइच्या सगळ्या संसारावर ओपनचं छत्र धरलं, तर त्यात नवल काय?

आज चिनी सहकाऱ्यांबरोबर काम करणारे, चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणारे, डॉक्टरकीसाठी तिकडे राहून आलेले बरेच मराठी लोक आहेत. हे लिहितोय ते मुख्यतः त्यांच्यासाठी. कारण यातल्या निम्म्या चुका मराठी कानाला चुका वाटतच नाहीत, आणि म्हणून आपल्या हातून दुरुस्तही होत नाहीत.

एका शब्दाला एकच अर्थ लावून पाठांतर

गाओखाओ म्हणजे तिथली बारावीनंतरची प्रवेश परीक्षा. तिच्या तयारीत ‘३५०० शब्द’ हा आकडा घरोघरी ऐकू येतो. पुढे कॉलेजात सीईटी-४ आणि सीईटी-६ या इंग्रजीच्या परीक्षा असतात. त्यांच्या शब्दांच्या पुस्तकांत डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे चिनी अर्थ. वर्णक्रमाने लावलेल्या अशा याद्यांमध्ये अगदी सुरुवातीला भेटणारा शब्द म्हणजे ‘अबँडन’, सोडून देणे. पाठांतर तिथेच सुटतं, असं तिथली मुलंच एकमेकांना सांगतात. पण बहुतेक जण सोडत नाहीत, जीव तोडून पाठ करतात. त्या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे. दुःख याचंच की एवढ्या मेहनतीने शब्द एकटेच डोक्यात जाऊन बसतात, त्यांचे सोबती बाहेरच राहतात.

मग ‘लर्न नॉलेज’ असं वाक्य तयार होतं. चिनीत ज्ञान शिकतात, इंग्रजीत ते मिळवतात. जोराच्या पावसाला ‘बिग रेन’ म्हटलं जातं, कारण चिनीत तो ‘मोठा पाऊस’ आहे. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’. चहाचा घोटाळा तर फारच गोड आहे. आपण आणि इंग्रज ज्याला काळा चहा म्हणतो तो चिनी माणसासाठी ‘लाल चहा’, कारण तो कपात उतरलेला रंग बघतो. चिनीतला ‘काळा चहा’ हा वेगळाच, आंबवून मुरवलेला प्रकार. त्यामुळे ‘ब्लॅक टी’ वाचून चिनी वाचकाच्या मनात दुसऱ्याच पेल्याचं चित्र उभं राहू शकतं, आणि आपण वेगळं काही समजलो आहोत हे त्याच्या ध्यानातही येत नाही.

यावर मला लागू पडलेला उपाय उलट्या वहीचा आहे. पानाच्या डोक्यावर इंग्रजी शब्द न लिहिता चिनी शब्द लिहायचा आणि खाली त्याची इंग्रजी कुटुंबं पूर्ण वाक्यांत उतरवायची. खाइच्या पानावर ‘ओपन द डोअर’, ‘टर्न ऑन द लाइट’, ‘ड्राइव्ह अ कार’, ‘होल्ड अ मीटिंग’. असं पान भरत जातं तसं एक शब्द किती ठिकाणी फुटतो हे डोळ्यांना दिसतं. या पद्धतीने काम करण्यासारखे काही शब्द:

‘जिए’ म्हणजे उसनं घेणं आणि उसनं देणं, दोन्ही. म्हणून ‘कॅन आय लेंड युअर पेन?’ असा प्रश्न येतो. मराठीत आपण घेणं-देणं जोडून बोलतो, म्हणून आपल्याला हा फरक पटकन दाखवता येतो. पेन कुणाकडून कुणाकडे चाललंय याचा बाण काढून दाखवा.

‘खान’ म्हणजे बघणं. पण चिनीत पुस्तकही ‘बघतात’, सिनेमाही बघतात आणि डॉक्टरलाही ‘बघतात’. ‘सी’, ‘लुक अॅट’, ‘वॉच’, ‘रीड’ अशी चौघांची वाटणी समजायला वेळ द्या.

‘ह्वा’ म्हणजे खर्च होणं किंवा करणं. ‘आय कॉस्ट फिफ्टी युआन’ हे वाक्य मी अनुभवी इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकलंय. इथे कर्ता बघायचा. माणूस ‘स्पेंड’ करतो, वस्तू ‘कॉस्ट’ करते, काम वेळ ‘टेक’ करतं.

‘फांगबिएन’ म्हणजे सोयीचं. ‘इफ यू आर कन्व्हीनियंट, कम टुमॉरो’ असं वाक्य ईमेलमध्ये आलं तर हसू नका. चिनीत माणूस सोयीचा असतो, इंग्रजीत वेळ सोयीची असते.

मराठी कानाला न खटकणाऱ्या चुका

‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वुई वेंट.’ चिनीत ‘जरी’ आला की ‘तरी’ हवाच, आणि ‘कारण’ आलं की मागून ‘म्हणून’. आपलं जरी-तरी हे जोडपं अगदी तसंच आहे. म्हणून मराठी शिक्षक ‘ऑल्दो’नंतरचा ‘बट’ तसाच सोडून देतो. मी कित्येक महिने सोडून दिला होता. इंग्रजीला दोघांपैकी एकच पुरतो.

‘आय व्हेरी लाइक इट’ हेही तसंच. ‘मला खूप आवडतं’ म्हणताना आपणही ‘खूप’ आधीच ठेवतो.

नकारार्थी प्रश्नांची गोष्ट मात्र जास्त गंभीर आहे, कारण त्यात कामं बिघडतात. ‘डिडन्ट यू सेंड द फाइल?’ यावर चिनी सहकारी ‘येस’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ असतो ‘हो, नाही पाठवली’. मराठीतही आपण अगदी असंच उत्तर देतो. इंग्रजीच्या तालमीत वाढलेला तिसरा कुणी मीटिंगमध्ये असेल तर तो ‘पाठवली’ असं समजून पुढे जातो. शिकणाऱ्याला सांगा, नुसतं येस-नो म्हणून थांबू नका, ‘आय डिड’ किंवा ‘आय डिडन्ट’ जोडा. आणि आपण विचारताना प्रश्न सरळच विचारा.

‘ही’ आणि ‘शी’ची अदलाबदल ऐकून पुष्कळांना वाटतं की समोरच्याला इंग्रजी येतच नाही. तसं नसतं. बोली चिनीत तो, ती, ते या तिघांचा उच्चार एकच, ‘था’. लिहिताना चिन्हं वेगळी, पण स्त्रीसाठीचं वेगळं चिन्ह सर्वनाम म्हणून रुळलं तेही १९२०च्या आसपास, ल्यू बाननुंग या भाषातज्ज्ञ कवीच्या पुढाकारामुळे. बोलताना स्त्री-पुरुष भेद करण्याची सवयच जिभेला नाही. मराठीत तर क्रियापदच ‘आला’, ‘आली’ सांगून टाकतं, म्हणून आपल्याला ही अडचण कळायला जड जाते. दर वेळी मधेच तोडू नका. एखाद्या कुटुंबाचा फोटो पुढे ठेवून पाच मिनिटं वर्णन करायला लावा. रोज थोडं थोडं केलं की फरक पडतो.

वाचनात अडतं कुठे

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक अनोळखी शब्दाला थांबणं. चिनी विद्यापीठांत ‘जिंगदू’ आणि ‘फानदू’ असे वाचनाचे दोन प्रकार मानतात, बारकाईचं आणि भरपूर. कागदावर दोन्ही असतात. प्रत्यक्षात परीक्षेच्या धाकाने जिंगदू सगळा वेळ खाऊन टाकतं. एका पानाची तासभर चिरफाड होते, शब्दन्‌शब्द रंगवला जातो, आणि पान संपल्यावर त्यात काय होतं ते विचारलं तर सांगता येत नाही.

न्यूझीलंडचे भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांच्या कामातून पुढे आलेलं एक माप मला फार उपयोगी पडलं. कुणाच्या मदतीशिवाय नीट समजून वाचायचं असेल तर मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. म्हणजे पन्नासात एक अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाच. पान उघडा, बोटं मोजा. पाचाच्या वर गेलं तर ते पुस्तक आज बाजूला ठेवा, सोपं घ्या. मोठ्या माणसांना सोपं पुस्तक घ्यायची लाज वाटते, ती काढून टाकणं हे शिक्षकाचं खरं काम.

दुसरी अडचण शब्दांच्या घडणीची. चिनी शब्द बहुधा आतून पारदर्शक असतात. आगगाडी म्हणजे ‘आग-गाडी’च, आपल्यासारखी. टेलिफोन म्हणजे ‘वीज-बोलणं’, संगणक म्हणजे ‘वीज-मेंदू’, विमान म्हणजे ‘उडतं यंत्र’. डुकराचं मांस म्हणजे सरळ ‘डुक्कर-मांस’. जानेवारी म्हणजे ‘पहिला महिना’. अशा भाषेतून आलेल्या वाचकाला ‘पोर्क’मध्ये ‘पिग’ कुठेच सापडत नाही, कारण १०६६नंतर इंग्लंड जिंकून घेतलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांची फ्रेंच इंग्रजीच्या ताटात येऊन बसली. प्राणी गोठ्यात इंग्रजी राहिला आणि पानात फ्रेंच झाला. ही गोष्ट सांगितली की पिग-पोर्क, काऊ-बीफ, शीप-मटन या जोड्या एका दिवसात लक्षात राहतात. मग लॅटिन-ग्रीक तुकड्यांकडे वळा. ‘स्पेक्ट’ म्हणजे बघणं, म्हणून इन्स्पेक्ट, स्पेक्टेटर. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणं, म्हणून एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. असे तीस-चाळीस तुकडे हाती आले की चिनी विद्यार्थी फार झपाट्याने पुढे जातो. तुकडे जोडून अर्थ काढायचं कसब त्याच्याकडे लहानपणापासून आहे. इंग्रजीत ते चालतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

तिसरी अडचण वाक्याच्या रचनेची. हे मराठी वाक्य बघा: ‘बीजिंगहून आलेल्या शिक्षकांनी सुचवलेलं पुस्तक महाग आहे.’ याचं चिनी वाक्य जवळजवळ याच क्रमाने जातं. आधी बीजिंग, मग शिक्षक, मग सुचवणं, मग पुस्तक, शेवटी महाग. इंग्रजीत मात्र ‘द बुक’ पहिल्यांदा येतं, मागून ‘दॅट द टीचर’, त्याच्या मागून ‘हू केम फ्रॉम बीजिंग’, आणि ‘रेकमेंडेड’ आणि ‘इज एक्स्पेन्सिव्ह’ शेजारी शेजारी येऊन आदळतात. चिनी वाचक वाक्याच्या टोकाला जातो, मग मागे फिरून मनातल्या मनात सगळं चिनी क्रमाने लावायला बघतो. तेवढ्यात मुख्य क्रियापद हातून निसटतं. पेन्सिलने ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’च्या आधी उभी रेघ मारायची आणि मागे न फिरता तुकडा-तुकडा पुढेच वाचायचा: पुस्तक, कुठलं तर शिक्षकांनी सुचवलेलं, कुठले शिक्षक तर बीजिंगहून आलेले. सुरुवातीला गुदमरल्यासारखं होतं. दोनेक महिन्यांनी रेघा लागत नाहीत.

काळाचं थोडक्यात सांगतो. चिनी क्रियापद काळाप्रमाणे रूप बदलत नाही, ‘काल’, ‘आधी’ असे शब्द वेळ सांगतात. म्हणून ‘शी लेफ्ट’ आणि ‘शी हॅड लेफ्ट’ यांतला फरक डोळ्यांवरून घसरतो आणि गोष्टीतल्या घटनांचा क्रमच उलटतो. वाचताना मधूनमधून ‘आधी काय झालं?’ एवढंच विचारा.

आकड्यांचंही एक आहे. चिनीत दहा हजारांना ‘वान’ आणि दहा कोटींना ‘यी’. मिलियन नाही, बिलियन नाही. एक मिलियन म्हणजे शंभर वान, एक बिलियन म्हणजे दहा यी. बातमी वाचताना एक शून्य इकडेतिकडे झालं की सगळा अर्थच पालटतो. लाख-कोटीत वाढलेल्या आपल्याला ही धडपड चांगलीच ठाऊक आहे. एक छोटं कार्ड करून पाकिटात ठेवायला सांगा.

एक मात्र सांभाळा. चिनी वळणाचं दिसलं की लाल रेघ, असं करू नका. ‘ॲड ऑइल’ हा प्रोत्साहनाचा हाँगकाँगचा शब्दप्रयोग २०१८ साली ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत गेला. ‘लूज फेस’, म्हणजे नाचक्की होणं, हा तर त्याच्याही कितीतरी आधी चिनीतून आला आणि आज कुणाला परका वाटत नाही.

एवढं करूनही वाचन पुढे सरकत नसेल तर मजकूर बदला. परीक्षेच्या पुस्तकांत कुठल्या तरी दूरच्या समुद्रातल्या प्रवाळांवर उतारे असतात. तिथे विषय नवा, शब्द नवे, वाक्यही लांब. माझ्या वर्गात एक आजी होत्या, नातवाशी बोलता यावं म्हणून इंग्रजी शिकायला आलेल्या. दोन ओळींतच त्या फोन काढून शब्द बघायच्या. एका संध्याकाळी मी त्यांना डंपलिंगची इंग्रजी कृती दिली. ‘फोल्ड’, ‘प्लीट’, ‘सील द एजेस’. त्या वाचत होत्या आणि त्यांची बोटं हवेत चुण्या घालत होती. फोन पिशवीतच होता. पान संपल्यावर त्या म्हणाल्या, "टीचर, टू मच वॉटर", आणि पिठातलं पाण्याचं माप पेन्सिलने दुरुस्त करून कागद मला परत दिला.