अनलॉक फोन घेण्याआधी: त्याचे बँड तुमच्या सिमशी जुळतात का, हे तपासण्याची तयारी

फोन घ्यायचा ठरला की आधी एक कागद घ्या आणि त्यावर दोन प्रश्न वेगवेगळे लिहा. हा फोन कोणत्याही कंपनीचं सिम स्वीकारतो का, हा पहिला. त्या कंपनीचे टॉवर ज्या लहरींवर बोलतात त्या या फोनला ऐकू येतात का, हा दुसरा. ‘अनलॉक’ हा शब्द फक्त पहिल्याचं उत्तर देतो. लॉक म्हणजे सॉफ्टवेअरमधलं बंधन, ते काढता येतं. बँड म्हणजे लहरींचा एक ठराविक पट्टा, त्याचं तसं नाही. फोनच्या आत कोणत्या लहरींसाठी फिल्टर, अँप्लिफायर आणि अँटेना बसवल्या आहेत यावर ते ठरतं, आणि जे हार्डवेअर कारखान्यात बसवलंच नाही ते कुठल्याही अपडेटने येत नाही.

हे दोन प्रश्न मी एकदा एकच समजलो होतो. बहीण परदेशी शिकायला निघाली तेव्हा तिला एक चांगला अनलॉक फोन घेऊन दिला. तिथे तो चालला. रस्त्यावर चालला, खिडकीशी चालला, आणि खोलीच्या आत आली की रेंज जायची. तीन आठवडे ती सिम काढून पुन्हा घालत होती, फोन बंद करून चालू करत होती. मग कळलं की तिच्या कंपनीचा भिंतींमधून आत शिरणारा ७०० मेगाहर्ट्झचा बँड त्या मॉडेलमध्ये नव्हताच. तोवर फोन परत करायची मुदत संपली होती. तेव्हापासून मी ‘चालेल का’ असं विचारत नाही. ‘कुठे चालेल आणि कशासाठी चालेल’ असं विचारतो. पुढची सगळी यादी त्या एका प्रश्नासाठी आहे.

सुरुवात मॉडेल नंबरापासून करा, फोनच्या नावापासून नको. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळ्या बँडसह बनतो. गॅलेक्सी एस२४ घ्या: एसएम-एस९२१बी हे आंतरराष्ट्रीय मॉडेल, एसएम-एस९२१यू अमेरिकेचं, एसएम-एस९२१एन कोरियाचं. आयफोन १४ अमेरिकेत ए२६४९ आहे, चीनमध्ये ए२८८४, आणि इतर बऱ्याच देशांत ए२८८२. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. अँड्रॉइडमध्ये हा नंबर सेटिंग्जमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये मिळतो; आयफोनमध्ये ‘अबाउट’ उघडून मॉडेल नंबरवर एकदा बोट ठेवलं की ‘ए’ने सुरू होणारा नंबर दिसतो. फोन अजून हातात नसेल तर विकणाऱ्याकडून या पडद्याचा फोटो मागवा. खोक्यावरचा नंबर जुन्या फोनच्या बाबतीत पुरेसा नाही, कारण खोकं दुसऱ्याच फोनचं असू शकतं. ‘ग्लोबल व्हर्जन’ एवढंच सांगून कोणी नंबर द्यायला टाळत असेल, तर तो फोन घेऊ नका असंच मी सांगेन.

नंबर मिळाला की उत्पादकाच्या अधिकृत पानावरून त्याच मॉडेलची बँडची यादी उतरवून घ्या. टूजी, थ्रीजी, फोरजी आणि फाइव्हजी असे चार भाग करा. फोरजीचे बँड नुसत्या आकड्यांनी किंवा ‘बी’ लावून लिहिलेले असतात, फाइव्हजीचे ‘एन’ लावून.

आता कंपनीची बाजू. कंपनी कोणकोणते बँड वापरते हे तिच्या मदतीच्या पानांवर सापडतं, नाहीतर त्या देशाच्या दूरसंचार नियामकाने कोणाला कोणत्या लहरी दिल्या त्याच्या नोंदींत. यादी हाती आली की सगळे बँड एका मापाने मोजू नका. त्यांतला पायाचा बँड कोणता ते आधी ओळखा. साधारण १००० मेगाहर्ट्झच्या खालचे बँड लांब पोचतात आणि भिंतींतून आत शिरतात. गावाबाहेर, तळघरात, मोठ्या इमारतीच्या पोटात फोन जिवंत राहतो तो यांच्यावर. त्याच्या वरचे, १८००, २१००, २६०० मेगाहर्ट्झचे बँड जास्त डेटा वाहून नेतात, पण त्यांचा पल्ला कमी. वरचा एखादा बँड नसला तर गर्दीच्या वेळी वेग कमी पडेल, एवढंच. पायाचा बँड नसला तर रेंजच जाईल. म्हणून दहापैकी आठ बँड जुळले म्हणून खूश होऊ नका. न जुळलेले दोन कोणते, ते पाहा.

जुळवणीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो मेगाहर्ट्झ आणि बँडचा नंबर यांत, म्हणून इथे घाई करू नका. ७०० मेगाहर्ट्झ म्हणजे एक बँड नव्हे. अमेरिकेत त्याच परिसरात १२, १३, १४ आणि १७ हे बँड आहेत. आशिया-पॅसिफिक आणि इतर बऱ्याच देशांत ७०० म्हणजे बँड २८. यांतला एक फोनमध्ये आहे म्हणून दुसरा चालेल असं नाही. ८०० चंही तसंच: युरोपात ८०० म्हणजे बँड २०, तर जपानमध्ये ८०० म्हणून सांगतात ते बँड १८, १९ आणि २६. यांच्या चढत्या (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या) आणि उतरत्या (टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या) लहरींच्या जागा निराळ्या आहेत. दुसरा सापळा २१०० चा. बँड १ ला २१०० म्हणतात; बँड ४ मध्ये टॉवरकडून फोनकडे येणारी लहर २१०० च्या आसपास असली तरी फोनकडून टॉवरकडे जाणारी १७०० च्या आसपास असते. बँड १ असलेला फोन बँड ४ च्या नेटवर्कवर बोलू शकत नाही, जाहिरातीत दोन्हीकडे २१०० छापलेलं असलं तरी. त्यामुळे कागदावर मेगाहर्ट्झ नव्हे, बँडचा नंबर लिहा, आणि नंबराशी नंबर जुळवा.

काही बँड मात्र एकमेकांच्या पोटात बसतात, आणि हे माहीत असलं तर चांगला फोन उगाच नाकारला जात नाही. बँड ६६ मध्ये बँड ४ पूर्ण येतो, २५ मध्ये २, २६ मध्ये ५, आणि फाइव्हजीत एन७७ मध्ये एन७८. मोठा बँड फोनमध्ये असेल तर लहान बहुधा त्याच्या यादीत असतोच. उलट बाजूने गृहीत धरू नका: नेटवर्क मोठा बँड वापरत असेल आणि फोनमध्ये फक्त लहान असेल, तर चालणं हे कंपनीने टॉवरवर काय सोय केली आहे त्यावर अवलंबून राहतं.

बँड जुळले की बहुतेक लोक इथेच थांबतात. मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते इथून पुढचं. बँड जुळूनही फोनवर बोलता येईलच असं नाही. फोरजी मुळात डेटासाठी घडलं. त्यावरून आवाज नेण्याची सोय म्हणजे व्होल्टी. पूर्वी व्होल्टी नसलेला फोन कॉलपुरता थ्रीजी किंवा टूजीवर उतरायचा आणि कोणाला काही कळायचं नाही. आता ती उतरायची पायरीच अनेक ठिकाणी काढून टाकली आहे. अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. ऑस्ट्रेलियात टेलस्ट्रा आणि ऑप्टसने ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ते बंद करायला घेतलं. जिओचं नेटवर्क तर २०१६ मध्ये सुरू झालं तेच टूजी-थ्रीजीशिवाय.

आणि व्होल्टी म्हणजे फोनमधलं नुसतं एक बटण नव्हे. प्रत्येक कंपनीच्या नेटवर्कसाठी वेगळ्या सेटिंगचा संच फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये असावा लागतो, आणि काही कंपन्या आपण तपासून मंजूर केलेल्या मॉडेलांनाच व्होल्टी देतात. अमेरिकेतल्या एटीअँडटी कंपनीने अशी मंजूर मॉडेलांची यादीच प्रसिद्ध केली होती. ऑस्ट्रेलियात नियम आणखी कडक आहे: जो फोन फोरजीवरून आपत्कालीन ००० क्रमांक लावू शकत नाही, त्याला कंपनीने नेटवर्कवर सेवाच द्यायची नाही. असा नियम असावा, असं मलाही वाटतं. इंटरनेट धडधडीत चालू आहे आणि अडचणीच्या क्षणी कॉल मात्र जात नाही, ही फोनची सगळ्यात धोक्याची अवस्था आहे. म्हणून कंपनीला थेट आणि नेमका प्रश्न लिहून विचारा: या मॉडेल नंबरला तुमच्या नेटवर्कवर व्होल्टी मिळतं का, आणि आपत्कालीन कॉल फोरजीवरून जातो का? उत्तर लेखी घ्या. वाय-फाय कॉलिंगचंही त्याच पत्रात विचारून टाका.

कंपनीच्या संकेतस्थळावर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टाकून तपासण्याची सोय असेल तर तीही वापरा. *#०६# डायल केलं की पंधरा आकड्यांचा हा क्रमांक पडद्यावर येतो. पहिले आठ आकडे मॉडेल सांगतात, त्यामुळे कंपनीला नेमका कोणता फोन आहे ते कळतं. जुना फोन असेल तर तो चोरीचा म्हणून काळ्या यादीत नाही ना, तेही याच क्रमांकावरून पाहता येतं. परदेशातून आणलेला फोन कायम वापरायचा असेल तर जिथे वापरणार त्या देशात आयएमईआय नोंदवावा लागतो का ते विचारा. तुर्कस्तानात नोंद न केलेला परदेशी फोन १२० दिवसांनी स्थानिक नेटवर्कवर बंद पडतो. हा क्रमांक चारचौघांत कुठेही टाकू नका.

फाइव्हजीबद्दल थोडक्यात. एन७८ अनेक देशांत चालतो, त्यामुळे तो असला की निम्मी काळजी मिटते, पण अमेरिकेत टी-मोबाइलचा पाया एन७१ आणि एन४१ वर आहे. फाइव्हजी दोन प्रकारे चालतं: एकात ते फोरजीच्या आधाराने उभं असतं, दुसऱ्यात स्वतंत्र. आधाराने चालणाऱ्यात फोरजीचा ठराविक बँड आणि फाइव्हजीचा ठराविक बँड यांची जोडी फोनला जमावी लागते; दोन्ही बँड सुटे असूनही जोडी जमत नाही असं होतं. जिओसारख्या स्वतंत्र फाइव्हजीवर फक्त आधाराने चालणारा फोन फोरजीवरच राहतो. २४ गिगाहर्ट्झच्या वरचे एन२५८, एन२६०, एन२६१ हे बँड नसले तरी रोजच्या वापरात मला त्याचं काही वाटणार नाही. त्यांचा पल्ला एखाद्या चौकापुरता असतो.

सिमचा आकार आणि प्रकार पाहायचा विसरू नका. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ पासून सिमचा ट्रेच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं, बाहेरून न घालायचं सिम. चीनच्या मुख्य भूमीतल्या अनेक आयफोनांत उलट: दोन सिम बसतात, ई-सिम नाही. तुमची कंपनी ज्या प्रकारचं सिम देते ते त्या फोनमध्ये बसेल ना, हे आधी पाहा. काही फोनांत दुसऱ्या सिमला पहिल्याइतक्या सोयी मिळत नाहीत, तेही मॉडेलच्या पानावर लिहिलेलं असतं.

फोन हातात आला की परत करायच्या मुदतीची तारीख कागदाच्या माथ्यावर लिहा आणि पहिल्याच दिवशी तपासायला बसा. लॉक खरंच निघालं आहे ना ते पाहा: आयफोनमध्ये ‘अबाउट’मध्ये ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असं दिसलं पाहिजे, अँड्रॉइडमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम घालून पाहणं हीच खात्रीची रीत. मग तुमचं सिम घाला आणि वाय-फाय बंद करा. हे बंद केल्याशिवाय पुढचं काहीही तपासू नका, कारण चालू वाय-फाय अर्ध्या चुका झाकून टाकतं. एक कॉल लावा आणि बोलता बोलता वरच्या पट्टीकडे पाहा. फोरजीचं चिन्ह कॉल लागताच जाऊन थ्रीजी किंवा ‘ई’ (टूजीचं चिन्ह) आलं, तर व्होल्टी चालत नाही. कोणाला तरी तुम्हाला कॉल करायला सांगा, कारण जाणारे कॉल लागतात आणि येणारे पोचत नाहीत असंही घडतं. एसएमएस दोन्ही बाजूंनी पाठवा, बँकेचा ओटीपी मागवून बघा, हॉटस्पॉट चालू करून बघा.

फोन या क्षणी कोणत्या बँडवर आहे तेही पाहता येतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो. बऱ्याच सॅमसंग फोनांवर *#००११# ने तसाच उघडतो. इतर अँड्रॉइड फोनांसाठी नेटवर्कची माहिती दाखवणारी मोफत अॅप आहेत. तो पडदा उघडा ठेवून घराच्या सगळ्यात आतल्या खोलीत जा, जिन्याखाली जा, तळमजल्याच्या पार्किंगमध्ये उतरा. कागदावर लिहिलेला पायाचा बँड तिथे दिसायला हवा. ज्या ठिकाणी दिवस जातो, कामाची जागा, रोजचा प्रवास, म्हाताऱ्या माणसांची खोली, तिथे हीच तपासणी पुन्हा करा. शक्य असेल तर त्याच कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन शेजारी ठेवा. त्याला रेंज आहे आणि तुमच्या फोनला नाही, तर दोष टॉवरचा नाही.

आपत्कालीन क्रमांक चाचणीसाठी लावू नका, ती लाइन दुसऱ्या कुणाला हवी असते. त्यासाठी कंपनीचं लेखी उत्तर आहे. आतल्या खोलीतून साधा कॉल लागला आणि आला की मग खोकं आणि पावती कपाटात ठेवा. तोवर ती समोर टेबलावरच राहू द्या.