प्रोग्रामिंग भाषांच्या चर्चागटांची तुलना करताय? या चुका टाळा

नवी भाषा शिकायला घेण्याआधी तिचे चर्चागट किती जागते आहेत ते पाहावं, हा सल्ला योग्यच आहे. घोळ होतो तो मोजण्यात. दोन भाषांचे आकडे शेजारी मांडले की मोठा आकडा जिंकला असं आपण धरून चालतो. पुष्कळदा त्या आकड्यातून भाषेबद्दल काहीच कळत नाही, फक्त गट कुठे आणि कसा बांधलाय एवढंच कळतं.

सदस्यसंख्येवरून निकाल देणं

गटात एकदा शिरलेला माणूस आठवणीने बाहेर पडत नाही. पाच वर्षांपूर्वी येऊन पुन्हा न फिरकलेलाही मोजणीत राहतो, म्हणून जुन्या गटाचा आकडा फुगलेला असतो. त्याऐवजी गेल्या तीस दिवसांत किती वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं ते मोजा. रस्ट, पायथन, ज्युलिया यांचे गट डिस्कोर्स या चर्चामंचाच्या सॉफ्टवेअरवर चालतात आणि तिथे माहितीच्या पानावर सक्रिय सदस्यांचा आकडा तयार मिळतो. पण तिथे सक्रिय म्हणजे येऊन गेलेला. त्याने काही लिहिलं असेलच असं नाही.

गट हलला की भाषा मेली असं समजणं

या चुकीत मी स्वतः सापडलो होतो. पायथनच्या मुख्य विकासकांच्या मेलिंग लिस्टवर (ईमेलवर चालणाऱ्या चर्चागटावर) आलेल्या संदेशांचा आलेख काढला, तर 2022 नंतर रेघ थेट तळाला टेकलेली. धस्सच झालं. मग शेवटचे काही संदेश उघडून वाचले तेव्हा कळलं, की चर्चा डिस्कोर्सवर हलवायचं ठरलं होतं. माणसं तीच होती, वादही तेच होते, बदलला होता तो फक्त पत्ता.

युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या, अनेक सर्व्हरवर पसरलेल्या चर्चाजाळ्याच्या बाबतीत हे आणखी ठळक दिसतं. गूगल ग्रुप्सने 22 फेब्रुवारी 2024 पासून युजनेटचे नवे संदेश घेणं आणि दाखवणं थांबवलं. त्या संग्रहावर मोजणी केली तर सी, लिस्प, पायथन असे सगळे गट एकाच दिवशी गप्प झालेले दिसतात. इतर सर्व्हरवर मात्र ते चालू आहेत. अनेक रेघा एकाच तारखेला कोसळल्या तर कारण भाषांमध्ये शोधू नका. उलट बाजूही तपासा. त्याआधीच्या काही महिन्यांत यातल्या बऱ्याच गटांत स्पॅमचा पूर आला होता, तो न गाळता मोजलात तर गट अगदी भरात असल्याचा भास होईल.

संदेश सगळे सारखेच धरणं

डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर माणूस ‘हे चालत नाहीये’ असं लिहितो, मग एरर चिकटवतो, मग ‘थांबा’, मग ‘जमलं’. झाले चार संदेश. मेलिंग लिस्टवर हीच अडचण एका तीन परिच्छेदांच्या पत्रात मावते. म्हणून संदेश मोजण्यापेक्षा धागे (एक प्रश्न आणि त्यावरची सगळी चर्चा म्हणजे एक धागा) मोजा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसं मोजा. समजा एका गटात महिन्याला 400 संदेश आहेत, पण ते नऊ जणांचे. दुसऱ्यात 120 आहेत आणि ते सत्तर जणांचे. मी दुसरा निवडेन. पहिल्यातले दोघं दमले की तो गट बसतो.

स्टॅक ओव्हरफ्लोचे टॅग जसेच्या तसे जोडणं

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर एका प्रश्नाला पाचपर्यंत टॅग, म्हणजे विषय सांगणाऱ्या खुणा, लागतात. पायथन आणि पायथन-3.x यांची बेरीज केली की तोच प्रश्न दोनदा मोजला जातो. शिवाय उणे गुण मिळालेले, उत्तर न आलेले प्रश्न तीस दिवसांनी आपोआप पुसले जातात. ताजा महिना अजून चाळला गेलेला नसतो, त्यामुळे तो जुन्या महिन्यांपेक्षा भरलेला दिसतो.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर तिथले प्रश्न एकंदरीतच खूप घटले. म्हणून नुसती घट न पाहता एकूण प्रश्नांतला वाटा पाहावा. तेवढंही पुरत नाही, कारण नवशिक्यांचे सोपे प्रश्न ज्या भाषेत जास्त, तिचे प्रश्न चॅटबॉटकडे जास्त वळणार.

वेगळ्या कामाचे गट समोरासमोर ठेवणं

रेडिटवर जावाच्या मुख्य गटात मदतीचे प्रश्न चालत नाहीत, त्यासाठी शिकणाऱ्यांचा वेगळा गट आहे. फक्त मुख्य गट घेतलात तर जावा उगाच शांत वाटेल.

महिना निवडतानाही जपा. डिसेंबरमध्ये प्रोग्रामिंगची कोडी देणाऱ्या ‘अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड’मुळे अनेक गट उसळतात आणि ऑक्टोबरमध्ये पायथनची नवी आवृत्ती येते. निदान वर्षभराचा काळ घ्या.

उत्तरं न मोजणं

याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं, आणि शिकणाऱ्याला नेमकं हेच लागतं. पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांचे अलीकडचे वीस प्रश्न काढा आणि प्रत्येकाला पहिलं उत्तर किती वेळाने आलं ते लिहा. सरासरी काढू नका, महिन्याने आलेलं एखादं उत्तर ती बिघडवून टाकतं. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्या, आणि किती प्रश्न अनुत्तरित राहिले तो आकडाही त्याच्याच शेजारी लिहा. मग ते अनुत्तरित प्रश्न एकेक करून वाचा. प्रश्नच अर्धवट होता की तो वाचायला कोणी नव्हतं, हे आलेखात दिसत नाही.