स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचावा कसा

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातली सुरुवातीची दोन-तीन वाक्यं बहुतेकांना पाठ असतात. उरलेला मजकूर फारसा कोणी वाचत नाही. पण हा दस्तऐवज फिर्यादीसारखा रचलेला असतो. आधी नियम कोणता ते सांगायचं, मग आरोप, मग निर्णय. इथे फिर्यादी स्वतःच निकाल देतो आणि तो योग्य आहे हे बाहेरच्यांना पटवायचं असतं. म्हणून वाचायचाही फिर्यादीसारखाच.

सरावासाठी अमेरिकेचा १७७६चा जाहीरनामा घ्या. तो जेमतेम १,३०० शब्दांचा आहे आणि पुढे अनेक देशांनी त्याच्याच साच्यात आपापला मजकूर ओतला. कागदावर रुंद समास सोडून छापून घ्या आणि परिच्छेदांना क्रमांक घाला. भाषांतर सोबत असू द्या, पण एखाद्या शब्दावर निष्कर्ष काढण्याआधी मूळ इंग्रजी पाहाच.

आधी प्रत कोणती आणि तारीख कोणती ते ठरवा. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, स्वातंत्र्याचा ठराव २ जुलैला मंजूर झाला, ४ जुलैला त्याची कारणं सांगणारा मजकूर मंजूर झाला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या प्रतीवर बहुतेकांनी २ ऑगस्टला सह्या केल्या. २ जुलैच्या मतदानात न्यूयॉर्क तटस्थ होतं. त्याची संमती नंतर आली. त्यामुळे ४ जुलैच्या रात्री छापायला घेतलेल्या प्रतीच्या मथळ्यात ‘एकमताने’ हा शब्द नाही, सह्यांच्या प्रतीत आहे. ४ जुलैला ५६ जणांनी ओळीने सह्या केल्या असं कुठे लिहिलेलं दिसलं, तर तो मजकूर जपून वापरा.

आता वाचन शेवटून सुरू करा. अखेरच्या परिच्छेदात प्रत्यक्ष घोषणेचं वाक्य आहे: या वसाहती स्वतंत्र राज्यं ‘आहेत, आणि हक्काने असायलाच हव्यात’. इथे क्रियापदं दोन आहेत. एक वस्तुस्थिती सांगतं, दुसरं अधिकार. घोषणा दोन्हींवर एकदम दावा करते. त्यापुढे या राज्यांचे चार अधिकार येतात: युद्ध करणं, तह करणं, मैत्रीचे करार करणं, व्यापार चालवणं. हे चारही अधिकार एका राज्याने दुसऱ्या राज्याशी वागतानाचे आहेत. म्हणजे मजकुराचा श्रोता परदेशात बसला आहे. बंडखोर प्रजेशी कोणताही राजा उघडपणे करार करणार नाही, स्वतंत्र राज्याशी करू शकतो. फ्रान्सने तसा करार ६ फेब्रुवारी १७७८ रोजी केला.

मग दुसऱ्या परिच्छेदाकडे या. त्यातली तत्त्वं सुटी करून एकाखाली एक लिहा: माणसं जन्मतः समान आहेत, काही हक्क कोणाला काढून घेता येत नाहीत, सरकारं त्या हक्कांच्या रक्षणासाठी असतात, त्यांची सत्ता लोकांच्या संमतीतून येते, सरकार या हेतूवरच उठलं तर ते बदलण्याचा किंवा मोडण्याचा लोकांना हक्क आहे. याच्या मुळाशी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा सतराव्या शतकातला विचार आहे. लॉक जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता म्हणतो. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या मजकुरात मालमत्तेच्या जागी सुखाचा शोध आला आहे.

बहुतेक वाचक इथेच थांबतात आणि पुढचं वाक्य निसटतं. त्यात म्हटलं आहे की, जुनं सरकार क्षुल्लक आणि तात्पुरत्या कारणांसाठी बदलू नये. साऱ्या युक्तिवादाची बिजागरी हीच. ही अट लेखकांनी स्वतःवर घालून घेतली, म्हणून आपली कारणं क्षुल्लक नाहीत हे दाखवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. लांबलचक तक्रारींची यादी त्यासाठीच आहे. हे वाक्य गाळलं तर ती यादी नुसता संताप वाटते.

सगळ्यात जास्त वेळ या यादीला द्या. नेहमीच्या मोजणीने तक्रारी २७ भरतात. पहिल्या १२ राजाच्या स्वतःच्या कृतींबद्दल आहेत. मग ‘इतरांशी’ संगनमत केल्याचा आरोप आणि त्याची ९ पोटकलमं. शेवटच्या ५ युद्धाबद्दल. हे ‘इतर’ म्हणजे ब्रिटिश संसद, पण पार्लमेंट हा शब्द अख्ख्या मजकुरात नाही. तो मुद्दामच टाळला आहे. संसदेचा आपल्यावर अधिकारच नाही, आपलं नातं फक्त राजाशी, अशी वसाहतींची भूमिका होती. जे नातं मान्य आहे तेच तोडता येतं, म्हणून आरोपी एकटा राजा.

वहीत तीन रकाने आखा: तक्रारीचे शब्द, त्यामागचा कायदा किंवा घटना, आणि आरोप कितपत टिकतो. ‘शेजारच्या प्रांतात’ इंग्रजी कायद्याची मुक्त व्यवस्था रद्द केली, या तक्रारीत प्रांताचं नाव नाही. तो १७७४चा क्यूबेक कायदा. संमतीशिवाय कर या तक्रारीसमोर १७६५चा स्टॅम्प कायदा येईल, पण तो १७६६मध्येच मागे घेतला होता हेही तिसऱ्या रकान्यात लिहा. आरोप हा निकाल नव्हे, हे अशा नोंदींतून नीट कळतं.

शेवटची तक्रार मात्र सावकाश वाचा. राजाने ‘अंतर्गत उठाव’ चिथावले, असं तीत आहे. नोव्हेंबर १७७५मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने, बंडखोर मालकांना सोडून राजाच्या फौजेत येणाऱ्या गुलामांना मुक्ती देऊ केली होती. त्या शब्दांना हा संदर्भ आहे. म्हणजे समतेने सुरू झालेला मजकूर, गुलामांना स्वतःचं स्वातंत्र्य मिळू पाहतं त्याचीच तक्रार करून आपली यादी संपवतो, आणि त्याच वाक्यात मूळ रहिवाशांना ‘निर्दय रानटी’ म्हणतो. जेफरसनच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावरून राजाला दोष देणारा परिच्छेद होता. काँग्रेसने तो काढून टाकला. मसुदा आणि अंतिम मजकूर शेजारी ठेवून वाचा. काय खोडलं हे कळल्याशिवाय काय ठेवलं याचा अर्थ पुरता लागत नाही.

हा सराव झाला की दुसरा एखादा जाहीरनामा घ्या आणि साच्यात काय बदललं ते शोधा. व्हिएतनामचे नेते हो चि मिन्ह यांनी २ सप्टेंबर १९४५ रोजी हनोईत वाचलेल्या मजकुराची सुरुवातच १७७६च्या वाक्याने होते. लगेच पुढे ते त्याचा व्यापक अर्थ लावतात: पृथ्वीवरचे सगळे जनसमूह जन्मतः समान आहेत. व्यक्तीचा हक्क एका वाक्यात राष्ट्राचा झाला. हैतीचा १ जानेवारी १८०४चा मजकूर नागरिकांनाच हाक मारतो आणि फ्रान्सला कायमचं झुगारण्याची शपथ मागतो. २६ जानेवारी १९३०च्या पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेत सरकार बदलण्याचा किंवा मोडण्याचा हक्क तसाच भेटतो, पण तक्रारी आकड्यांत आहेत: सरासरी उत्पन्न रोजचं सात पैसे, करांपैकी २० टक्के शेतसाऱ्यातून आणि ३ टक्के मिठावरच्या करातून. ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) अल्पसंख्य गोऱ्या सरकारने ११ नोव्हेंबर १९६५ रोजी १७७६चीच धाटणी उचलली, मात्र माणसं समान असल्याचं वाक्य वगळलं. दुसऱ्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने त्या घोषणेचा निषेध केला आणि तिला मान्यता देऊ नये असं सर्व देशांना सांगितलं.

अखेरीस प्रत्येक जाहीरनाम्यासमोर मान्यतेच्या तारखा लिहा: जिच्यापासून फारकत घेतली त्या सत्तेने कधी मान्य केलं, इतरांनी कधी. ब्रिटनने अमेरिकेचं स्वातंत्र्य १७८३च्या पॅरिस तहात मान्य केलं. हैतीला फ्रान्सची मान्यता १८२५मध्ये मिळाली, तीही १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करायला लावून. अमेरिकेची मान्यता यायला १८६२ उजाडलं. भरपाईसारख्या अटी जाहीरनाम्यात सापडत नाहीत, त्या तहात आणि शाही हुकुमांत शोधाव्या लागतात. म्हणून या रकान्याशेजारी अटींसाठी आणखी एक रकाना मोकळा ठेवा.